क्लबच्या फलकावरील लेकी आणि सुना

विम्बल्डनच्या ऑल इंग्लंड लॉन टेनिस अँड क्रोके क्लबने २०२२ मध्ये महिला विजेत्यांच्या फलकावरील ‘मिस’ आणि ‘मिसेस’ ही बिरुदे काढून टाकली. पुरुष विजेत्यांच्या नावांमागे ‘मिस्टर’ कधी लागत नव्हते, त्यामुळे हा निर्णय न्यायाचाच होता आणि तो फार पूर्वी व्हायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही घराण्यांच्या इतिहासाची आवड असणारी व्यक्ती म्हणून मला याच्या जोडीने दुसरी एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. जुना फलक बदलताना, त्यावर पूर्वी काय लिहिले होते याची नोंद जपली गेलीच पाहिजे, कारण असे फलक म्हणजे अनेक कुटुंबांच्या वंशावळीतील हरवलेले दुवे आहेत.

वंशावळी बहुधा मुलांच्या नावांनी पुढे सरकतात आणि मुलगी लग्नानंतर त्या कागदावरून नाहीशी होते. याचे सर्वांत बोलके उदाहरण याच क्लबच्या इतिहासात आहे. १८८४ मध्ये येथे महिला एकेरीची स्पर्धा पहिल्यांदा झाली. तेरा जणींनी त्यात भाग घेतला आणि अंतिम सामना वॉटसन कुटुंबातील दोन सख्ख्या बहिणींमध्ये झाला. एकोणीस वर्षांच्या मॉडने थोरल्या लिलियनला ६-८, ६-३, ६-३ असे हरवले. त्यांचे वडील हेन्री विल्यम वॉटसन हे वॉरिकशायरमधील बर्क्सवेल गावचे धर्मोपदेशक आणि त्याचबरोबर नाणावलेले गणिती होते. आडनावे काळाच्या ओघात नामशेष का होतात, या ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी विचारलेल्या प्रश्नाचे गणित वॉटसन यांनीच मांडले आणि आजही संभाव्यताशास्त्रात ते गॉल्टन-वॉटसन प्रक्रिया या नावाने शिकवले जाते. त्या गणितात पिढी पुढे नेणारे म्हणून फक्त मुलगे मोजले जातात. त्या काळी आडनाव मुलग्यांकडूनच पुढे जात असल्याने गणिताला दुसरा मार्गही नव्हता. पण त्याच वॉटसन यांचे आडनाव टेनिसच्या इतिहासात कायमचे कोरले गेले ते त्यांच्या दोन मुलींमुळे. कुटुंबाचा इतिहास केवळ आडनावाच्या वाटेने शोधणाऱ्या प्रत्येकाने या घराकडे एकदा नीट पाहावे, असे मला वाटते.

हे क्लबमध्येच का घडले, यामागे क्रोकेचा, म्हणजे लाकडी हातोडीने चेंडू छोट्या कमानींतून मारण्याच्या खेळाचा, वाटा मोठा आहे. हा क्लब १८६८ मध्ये निव्वळ क्रोकेसाठी स्थापन झाला. टेनिस तेथे १८७५ मध्ये आले, दोन वर्षांत ते क्लबच्या नावात शिरले आणि १८८२ मध्ये क्रोकेचा उल्लेखच नावातून वगळला गेला. तो परत आला थेट १८९९ मध्ये. मात्र मधल्या काळात टेनिसने क्रोकेला मागे टाकले असले, तरी ज्या मऊ, कापलेल्या हिरवळीवर स्त्रिया आणि पुरुष एकत्र खेळू शकत होते, ती जागा क्रोकेने घडवलेली होती. अंगमेहनतीपेक्षा नेम आणि डावपेच यांवर अवलंबून असलेल्या या खेळात बाई पुरुषाला बरोबरीने हरवू शकत असे. १९०५ मध्ये लिली गॉवर यांनी क्रोकेची खुली स्पर्धा जिंकली, ती पुरुष खेळाडूंच्या बरोबरीने खेळूनच. पुढे त्याच लिली गॉवर नोंदींमध्ये मिसेस बीटन म्हणून भेटतात आणि हे ठाऊक नसलेला शोधक तेथेच वाट चुकतो.

टेनिसच्या फलकावर हा गुंता अधिक ठळक आहे. १८८६ च्या विजेत्या मिस बिंगली आणि १८८९ च्या विजेत्या मिसेस जी. डब्ल्यू. हिलयार्ड या एकच ब्लांश होत. त्यांचे पती जॉर्ज हिलयार्ड पुढे क्लबचे सचिव झाले. शार्लट कूपर यांनी माहेरच्या नावाने तीन वेळा विजेतेपद मिळवले, लग्नानंतर १९०१ मध्ये चौथे आणि १९०८ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, दोन मुलांची आई असताना पाचवे मिळवले; या दोन्ही वेळी फलकावर नाव लागले मिसेस ए. स्टेरी. त्यातील ‘ए’ हे आद्याक्षर अल्फ्रेड या त्यांच्या पतीचे आहे. त्यांची मुलगी ग्वेन पुढे वाइटमन चषकात, म्हणजे ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील महिला टेनिसच्या सांघिक स्पर्धेत, ब्रिटनच्या वतीने खेळली. तिने स्कॉटलंडचे रग्बी खेळाडू मॅक्स सिमर्स यांच्याशी लग्न केले आणि त्यांचा मुलगाही स्कॉटलंडकडून रग्बी खेळला. कूपर, स्टेरी, सिमर्स अशी तीन आडनावे बदलत गेलेला हा खेळाचा वारसा केवळ आडनावाच्या आधारे कोणालाही सापडला नसता. आणि ही फार जुनी प्रथा होती असेही नाही, कारण १९८१ च्या ओळीत ख्रिस एव्हर्ट यांचे नाव मिसेस जे. एम. लॉइड असे लिहिलेले होते.

विम्बल्डनचे एक बरे आहे की तिथल्या विजेत्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला काळजी वाटते ती लहान गावांतील क्लबांची, जिथल्या उपविजेत्या स्त्रीची एकमेव लेखी खूण कदाचित त्या लाकडी फलकावरील सोनेरी ओळ हीच असेल. सभांची इतिवृत्ते, वर्गणीच्या वह्या, सामन्यांच्या पत्रिका हे सारे आधार मोलाचे आहेतच; नवा सभासद कोणाच्या शिफारशीने आला, एवढ्या एका नोंदीवरूनही दोन घरांचे नाते उलगडू शकते. मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्यांची नावे तर हिशेबाच्या वहीतील पगाराच्या रकान्याशिवाय इतरत्र क्वचितच मिळतात आणि त्यांच्या वंशजांनाही तो इतिहास तितकाच हवा असतो.

म्हणून अशा प्रत्येक क्लबच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की, फलक नव्याने रंगवण्यापूर्वी जुन्या फलकाची प्रत्येक ओळ वाचता येईल अशी छायाचित्रे घ्यावीत आणि जिथे ठाऊक असेल तिथे त्या स्त्रीचे स्वतःचे नाव, माहेरचे आडनाव आणि लग्नानंतरचे आडनाव एका वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवावे. फलकावर तिचे स्वतःचे नाव लागलेच पाहिजे, आणि पूर्वी ते कसे लावले जात होते हे तिच्या पणतीला त्या वहीत सापडलेही पाहिजे. हे काम वयोवृद्ध सभासद हयात असतानाच करावे लागेल, कारण मिसेस अमुक म्हणजे मूळची कोण, हे अनेक ठिकाणी आता केवळ त्यांनाच सांगता येते.