लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या आई-बाबांनो, आधी लशीचं बघा

विमानतळावर जी लस विचारतात ती आपण निमूटपणे घेतो. जी कोणी विचारत नाही, तिचा विचारसुद्धा करत नाही. दवाखान्यात बसून वर्षानुवर्षं हे बघतेय, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

केनिया-टांझानियाच्या सहलीचंच घ्या. मसाई मारा बघून आलेलं एखादं निवृत्त जोडपं आता पुण्यात प्रत्येक सोसायटीत सापडेल. यलो फीव्हरची, म्हणजे पीतज्वराची लस त्यातलं कोणी चुकवत नाही. टूरवाले आधीच बजावतात, ठरावीक केंद्रावर नंबर लावावा लागतो, मग पिवळं कार्ड मिळतं आणि ते पासपोर्टइतकंच जपलं जातं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. कार्ड नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. एवढी कडक शिस्त का? डेंग्यू पसरवणारा एडिस डासच पीतज्वर पसरवतो. तो डास आपल्याकडे घरोघरी आहे, आजार मात्र भारतात नाही. तो शिरू नये म्हणून हा पहारा. लशीने तुमचं रक्षण होतंच, पण इथे उतरताना कार्ड बघतात ते देशाच्या काळजीने. योग्यच आहे ते. फक्त साठी उलटलेल्यांनी, अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांनी रांगेत उभं राहण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि उतारवयात पहिल्यांदा घेताना क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो. हज-उमराला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस अशीच सक्तीची असते, तीही लोक वेळेवर घेतात.

आता अमेरिका. पर्यटक व्हिसावर तिथे आज कुठलीच लस मागत नाहीत. कोविडची अट होती, ती मे २०२३ मध्ये उठली. आणि आपल्याकडचे सर्वाधिक आई-बाबा तिकडेच निघालेले असतात, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला.

काकू दवाखान्यात येतात तेव्हा सगळी तयारी झालेली असते. बीपीच्या, थायरॉइडच्या सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून हव्या असतात, प्रिस्क्रिप्शनवर पासपोर्टवरचंच नाव हवं असतं. डिंक, अळीव, बाळंतशेपा, मऊ सुती लंगोट, सगळं बांधून झालेलं. मी विचारते, "डांग्या खोकल्याची लस घेतली का?" काकू म्हणतात, "टीटी घेतलंय की मागच्या वर्षी, पायाला पत्रा लागला तेव्हा."

इथेच घोळ होतो. टीटी म्हणजे फक्त धनुर्वात. डांग्या खोकल्यासाठी टीडॅप नावाची वेगळी लस लागते. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला अशा तिन्हींची ती एकत्र लस असते. लहानपणी घेतलेल्या लशीचा, अगदी होऊन गेलेल्या आजाराचाही, परिणाम वर्षांगणिक ओसरतो. मोठ्या माणसाला मग हा आजार झाला तरी ओळखू येत नाही. आठवडेच्या आठवडे नुसती ढास लागते. "हवा बदलली, एसी सोसत नाही," म्हणून आपण काढा घेतो आणि बाळाला मांडीवर घेतो. त्या बाळाची स्वतःची डांग्या खोकल्याची पहिली लस अमेरिकेत ते दोन महिन्यांचं झाल्यावर असते. तोवर ते आईकडून मिळालेल्या संरक्षणावर असतं, म्हणून तिकडे गर्भवतीला सातव्या ते नवव्या महिन्यात ही लस देतात. इतक्या लहान बाळाला डांग्या खोकला झाला तर कधी कधी खोकला येतच नाही. श्वास थांबतो, बाळ निळं पडतं. हा जुन्या काळचा आजार आहे असं कोणी समजू नये. २०२४ मध्ये अमेरिकेत याचे ३५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले.

म्हणून तिकडचे डॉक्टर घरात येणाऱ्या आजी-आजोबांच्या लशीबद्दल विचारतात आणि लेकीला आईला हे कसं सांगावं ते कळत नाही. "आम्ही काय रोग घेऊन येतोय का?" असं वाटून आई दुखावते. काकू, कृपा करून यात मानपान आणू नका. तुम्हाला कोणी अस्वच्छ म्हणत नाहीये. सव्वा महिना बाळाला बाहेर न नेण्याची आपली रीत तुम्हीच पाळता ना? त्यामागची काळजी तीच आहे.

दुसरी फ्लूची लस. ऑक्टोबरपासून पुढे जाणार असाल तर तिकडे फ्लूचा मोसम असतो. इथे फ्लूला आपण "व्हायरल" म्हणून सोडून देतो. सत्तरीच्या मधुमेही माणसाला त्यातून न्यूमोनिया झाला आणि अमेरिकेत ॲडमिट व्हावं लागलं तर काय बिल येतं, हे मुलांना विचारा. विम्याचे कागदही नीट वाचा, आधीपासूनचे आजार त्यातून बऱ्याचदा वगळलेले असतात. न्यूमोनियाच्या लशीचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

फ्लूचं इंजेक्शन आणि टीडॅप, दोन्हींत जिवंत जंतू नसतात. बीपी-शुगरवाल्यांनाही चालतात. दंड दुखतो, एखाद दिवस कसकस वाटते. आधी कुठल्या लशीचा गंभीर त्रास झाला असेल तर तेवढं आवर्जून सांगा.

बाबा लोक हमखास म्हणतात, "मी कशाला घेऊ? बाळाचं सगळं तर हीच करणार." बाबा, तुम्ही त्याच घरात सहा महिने राहणार आहात. रात्री तीनला बाळ रडायला लागलं की खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायला तुम्हीच उठणार आहात. तुम्हीही घ्या.

या लशी अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात आणि बाळं काही तारीख बघून येत नाहीत. त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नका. तिकीट काढलंत की त्याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जा, फ्लूची लस नेमकी कधी घ्यायची तेही विचारा, आणि लशीच्या नोंदीचा कागद फोटो काढून लेकीला पाठवून द्या.