आयोवाचा कॉकस आणि माझी नाईट शिफ्टवाली शेजारीण

परवा पुण्याहून भावाचा फोन होता, म्हणाला ताई तुमच्या आयोवाचा पहिला नंबर गेला म्हणे, वाईट नाही वाटत? वाटतं रे, पण का वाटतं ते फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरांचं आमचं अमेरिकेतलं राज्य, लोकसंख्या जेमतेम ३२ लाख, म्हणजे साधारण २०११ च्या जनगणनेतल्या पुणे महापालिकेएवढी. १९७२ पासून डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला इथल्या कॉकसने, म्हणजे पक्षाच्या मतदारांच्या गावोगावच्या सभांनी, सुरुवात व्हायची, हाच तो पहिला नंबर. २०२० ला उमेदवार ठरवणाऱ्या देशभरातल्या ३९७९ प्रतिनिधींमध्ये आमचे फक्त ४१ होते, पण पहिला नंबर म्हणून जवळजवळ सगळे उमेदवार वर्षभर इथे गावोगाव फिरत होते. २००८ ला ओबामा या ९० टक्के गोऱ्या राज्यात जिंकले तेव्हा कुठे कृष्णवर्णीय माणूस राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो हे बाकीच्या देशाला खरं वाटायला लागलं.

माझा पहिला कॉकस ३ फेब्रुवारी २०२० चा. सोमवार संध्याकाळचे ७, मुलांच्या शाळेची जिम. मतपेटी वगैरे काही नाही, ज्याला पाठिंबा द्यायचा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि मग डोकी मोजतात. १५ टक्के भरले नाहीत तर तो गट मोडतो, त्यातल्या लोकांनी दुसरीकडे जायचं नाहीतर घरी. आमच्या गटाला चार माणसं कमी पडली. तेवढ्यात समोरच्या गटातले एक शेतकरी आजोबा आले आणि शेजारी बाकावर बसले, आरडाओरडा नाही, भाषण नाही, फक्त बायकोच्या इन्सुलिनला महिन्याला किती पैसे जातात आणि ते कुठून काढतात ते सांगितलं. मी ऐकलं, ज्यावर आपल्या उमेदवाराचं नाव लिहायचं ते कार्ड उलटं केलं, मागे दुसरं नाव लिहून सही केली. मतासाठी अनोळखी माणूस इतक्या शांतपणे माझ्याशी बोलायची ती पहिलीच वेळ!

पण त्याच जिममध्ये एक बाई नवऱ्याकडे बघत बघत त्याच्या कोपऱ्यात गेल्या, आणि मला एकदम गावची सोसायटीची सभा आठवली, जिथे कोणाचा हात वर गेलाय ते बघून मग बाकीचे हात वर जायचे. उघड मत म्हणजे असंच होतं, मग ते गावात असो नाहीतर आयोवात. आणि माझी शेजारीण, वृद्धाश्रमात नाईट शिफ्ट करते, ती येऊच शकली नाही. मोजक्या ठिकाणच्या खास बैठका सोडल्या तर ७ वाजता हजर असाल तरच तुमचं मत, ही कुठली लोकशाही? त्या वर्षी राज्यभरात १ लाख ७६ हजारांच्या आसपास लोक आले. कामावर असलेले, लहान मुलं असलेले, आजारी असलेले किती जण राहिले असतील याचा विचार करा.

त्या रात्री निकाल कळवायचं ॲप बंद पडलं, फोन लागेनात, आकडे यायला कित्येक दिवस गेले. बुटिजेज आणि सँडर्स या दोन उमेदवारांपैकी कोण जिंकलं यावरून इतका घोळ झाला की असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने विजेता जाहीर केलाच नाही. सगळा राग ॲपवर निघाला. पण ॲप दुरुस्त करता येतं हो, माझ्या शेजारणीचं काय?

२०२४ ला पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला आणि आमच्याकडे पोस्टाने कार्ड आली. १५ जानेवारीला सभा झाली पण ती नुसती पक्षाच्या कामांसाठी, निकाल थेट ५ मार्चला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन स्वतःच उभे असल्याने चुरस अशी नव्हतीच, तरी शेजारणीने ड्यूटीवरून आल्यावर चहा घेता घेता कार्ड भरलं आणि पेटीत टाकून आली. मला खूप बरं वाटलं. माझं कार्ड मी पण स्वयंपाकघरातच भरलं, पाच मिनिटं लागली, कोणाशी एक शब्द बोलले नाही.

मला दोन्ही हवंय. मत पोस्टाने आणि गुप्तच राहू दे, त्यात मागे जायचं नाही, पहिला नंबर दुसऱ्या राज्याला गेला तरी चालेल. पण कार्ड टाकायच्या आधी ती जिमची संध्याकाळ ठेवा, डोकी मोजू नका, फक्त लोकांना बोलू द्या, आणि एक बैठक सकाळी पण घ्या. शेजारीण मला अजून विचारते, त्या दिवशी आत नक्की काय झालं होतं गं? मी तिला आजोबांचं सांगते, दर वेळी.