मासे आजारी नव्हते ताई, पण चूक आमचीच

नमस्कार ताई,

'आजारी मासे गळ्यात मारले, दोन्ही क्लाऊनफिश नवव्या दिवशी मेले आणि आता महागडा स्किमर (पाण्यातली घाण काढणारं यंत्र) घ्या म्हणतात' असं लिहून तुम्ही आमच्या दुकानाला एक स्टार दिलात. लेक रात्री जेवली नाही हेही लिहिलंत. ते फार लागलं. म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. तुमच्या यजमानांनी आणून दिलेलं टाकीतलं पाणी आधी तपासलं.

अमोनिया शून्य हवा, तो १ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) वर निघाला. मासे शेवटी वर येऊन धापा टाकत होते असं यजमान म्हणाले, ते याच्याशी जुळतं. खाऱ्या टाकीचा पीएच ८.२च्या आसपास असतो आणि पीएच जितका चढा, तितका अमोनिया जास्त विषारी. नवीन मासे आम्ही दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतो, खायला लागल्याशिवाय विकत नाही. तुमच्याच खेपेतले दोन मासे आजही दुकानात ठणठणीत आहेत, येऊन बघा.

मग अमोनिया आला कुठून? टाकी लावल्यावर तुम्ही पाच आठवडे थांबलात. इतका धीर फार कमी लोक धरतात. त्या काळात फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांवर आणि खडकावर चांगले जिवाणू वाढतात. माशांच्या घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. तुमच्या टाकीत लाइव्ह रॉक, म्हणजे असे जिवाणू बसलेला समुद्री खडक, थोडाच आहे, त्यामुळे बहुतेक सगळा भार रिंगांवर होता. मासे नेल्यावर पहिल्याच रविवारी त्या रिंगा आणि स्पंज नळाखाली घासून पांढरेशुभ्र केले गेले. आपलं मोरबे धरणाचं पाणी प्यायला उत्तम आहे, पण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते जंतू मारण्यासाठीच. आपले जिवाणू कुठले हे त्याला कळत नाही. पाच आठवड्यांची कमाई एका धुण्यात गेली.

आणि हे तुम्ही मनाने केलेलं नाही. 'फिल्टर दर रविवारी धुवायचा' असं आमच्या दुकानातल्या मुलाने सांगितलं होतं, मी त्याला विचारलं. कसा धुवायचा, ते त्याने सांगितलं नाही. त्याला नीट शिकवणं माझं काम होतं, म्हणून दोष माझा. पाणी बदलताना टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घ्यायचं आणि त्यात फक्त स्पंज पिळायचा. रिंगांना हात लावायचा नाही. फारच गाळ बसला तर त्याच पाण्यात एकदा हलवून परत ठेवायच्या.

आणखी एक गोष्ट सापडली. तुमच्या पाण्याची घनता १.०२९ भरली, हवी १.०२५. उन्हाळ्यात पंख्याखाली उघड्या टाकीतलं पाणी रोज उडतं, पण मीठ मागेच राहतं. तुम्ही ती तूट मिठाच्या पाण्याने भरत होतात, म्हणून खारटपणा चढत गेला. मासे त्याने मेले नाहीत, पण पुढे त्रास झाला असता. काचेवर पट्टी लावून खूण करा आणि पाणी जेवढं खाली जाईल तेवढं साधं आरओचं पाणी घाला. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. तुमच्या १०० लिटरच्या टाकीला आठवड्याला १० लिटर बदललं की पुरे. त्यात मत्स्यालयाचं समुद्री मीठ साधारण ३५० ग्रॅम लागतं, पण ते पाणी टाकीत घालण्याआधी घनता मोजायचीच. स्वयंपाकाचं मीठ नको आणि खाडीचं पाणी तर नकोच, पावसाळ्यात त्याचा खारटपणा काहीच्या बाही उतरतो.

स्किमर घेऊ नका. तो बारीक बुडबुड्यांना चिकटणारी घाण फेसासोबत बाहेर काढतो. मोठ्या किंवा खूप मासे असलेल्या टाकीत तो उपयोगी पडतो. दोन छोट्या माशांना हे साप्ताहिक पाणी बदलणं पुरतं. तुम्हाला तो सुचवायलाच नको होता.

दोन्ही माशांचे पैसे हवे असतील तर आजच परत देतो. मासेच हवे असतील तर देईन, पण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच. लेकीला तेवढं थांबायला सांगा. सकाळी दुकानात गर्दी नसते, तेव्हा अर्धा लिटर पाणी आणि त्या रिंगा घेऊन या. आमच्या जुन्या चालू टाकीतल्या रिंगा तुम्हाला बदलून देतो, म्हणजे पुन्हा पाच आठवडे लागणार नाहीत. पाणी तपासायचे पैसे नाहीत. फिल्टर कसा धुवायचा याचा मराठीत लिहिलेला कागद कालपासून प्रत्येक टाकीसोबत देतोय, तुमचाही काढून ठेवलाय.

– दुकानमालक, नेरुळ