लिहून दाखव!

आमच्या नातवाला सगळं येतं, आणि अडचण तिथूनच सुरू होते. काहीच येत नसतं तर शिकवणी लावून मोकळे झालो असतो. भंवरकुव्यापासून आमच्या रामबागेपर्यंत इंदुरात शिकवण्यांना तोटा नाही. पण ज्याला सगळं येतं त्याला शिकवणार काय? दहावीच्या सहामाहीत सामाजिक विज्ञानात ८० पैकी ४१ पडले, तेव्हाही अथर्व सोफ्यावर आडवा पडून शांतपणे म्हणाला, "आबा, येत तर होतं सगळं."

त्या रात्री सुनेने वरण वाढता वाढता माझी नेमणूक केली. "बाबा, तुम्ही बसाल का त्याला घेऊन? तुम्हालाही तेवढाच विरंगुळा." निवृत्त माणसाकडे कामं नेहमी विरंगुळा म्हणूनच येतात. आधी दळण आलं, मग विजेचं बिल, आणि आता सीबीएसई.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं, "गांधीजींनी असहकार आंदोलन मागे का घेतलं?" अथर्व उठून बसला. दोन्ही हात हलवत त्याने चौरीचौरा सांगितलं, जमाव सांगितला, आणि पोलीस ठाणं पेटल्याचं तर असं सांगितलं की आजी गॅस बंद करून ऐकायला बाहेर आली. सुरुवात मराठीत, रंगात आल्यावर हिंदी, मध्ये मध्ये पुस्तकातली इंग्रजी वाक्यं. मी म्हटलं, "शाब्बास. आता हेच लिहून दाखव. तीन गुणांना आहे." त्याने वही ओढली, इंग्रजीत 'कारण हिंसा झाली' एवढ्या अर्थाचं एक वाक्य लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"अरे, फेब्रुवारी १९२२ कुठे गेलं? चौरीचौरा कुठे गेलं? सत्याग्रहींना आधी नीट तयार करायला हवं असं गांधीजींना वाटलं, ते कुठे गेलं?"

"ते तर आत्ताच सांगितलं ना तुम्हाला!"

"मला सांगितलंस. पेपर तपासणाऱ्याला कुठे सांगितलंस?"

"त्यांना माहीतच असेल ना, आबा. ते तर मास्तर आहेत."

या मुद्द्यावर मी निरुत्तर झालो तो अजून आहे.

घरातल्या बाकीच्यांनीही हातभार लावला. माझ्या मुलाने संगणकावर वेळापत्रक करून रंगीत छापून आणलं, भिंतीवर चिकटवलं आणि बापाचं कर्तव्य पार पाडून तो ऑफिसला गेला. सुनेने हायलायटर आणले. महत्त्वाचं तेवढं पिवळं करायचं ठरलं होतं. चार दिवसांत इतिहासाचं पुस्तक असं पिवळंधमक झालं की चुकून रंगवायचं राहिलेलं वाक्यच डोळ्यांत भरायला लागलं. अथर्वला ते तेवढं तोंडपाठ आहे.

पुण्याच्या आत्याने फोनवर एबिंगहाउस धाडला. हरमन एबिंगहाउस हे जर्मन गृहस्थ बिनअर्थाची अक्षरं स्वतःच पाठ करत आणि स्वतःच किती विसरलो ते मोजत बसत. १८८५ मध्ये त्यांनी तो सगळा हिशेब छापला. तासाभरात निम्म्याहून जास्त उडून जातं, मग गळती हळू होत जाते, असा त्याचा सारांश. अथर्वला हे फार पटलं. "म्हणजे मुख्य धोका पहिल्या तासातच आहे ना? मग तासभर थांबूनच सुरू करतो."

त्याच निरोपाच्या खाली २००६ सालचा एक अमेरिकन प्रयोग होता, रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा. काही विद्यार्थ्यांनी उतारा वाचून पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे. आमचे मास्तर 'पाठ झालं? मग पुस्तक इकडे दे आणि लिही' म्हणत, ते हेच. त्यांनी ते कुठे छापलं नाही इतकंच. मी घरात जाहीर केलं की उद्यापासून पुस्तक मिटून अभ्यास व्हायचा.

"मिटूनच तर बसलो होतो," अथर्व म्हणाला. "तुम्हीच ओरडलात."

मग मी सराव पेपर काढले. बोर्डाचा पेपर साडेदहा ते दीड, म्हणून रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावरही साडेदहा ते दीड. सव्वादहाला प्रश्नपत्रिका हातात द्यायची, पंधरा मिनिटं नुसती वाचायची, पेनाला हात लावायचा नाही. मी बँकेत उमर घालवलेला माणूस, हिशेब मांडून दिला: १८० मिनिटांतली २० तपासायला ठेवली तर १६० उरतात, गुण ८०, म्हणजे गुणामागे दोन मिनिटं. पाच गुणांच्या उत्तराला दहा. दहा झाली की वाक्य पुरं करायचं आणि पुढच्या प्रश्नावर जायचं, मग उत्तर कितीही रंगात येवो. खजुरी बाजारातून एकाच जातीची पेनं आणली, कारण नवं पेन परीक्षेच्या दिवशी उघडायचं नसतं. हे मला बायकोने सांगितलं, आणि तिला चपलांवरून माहीत होतं.

पहिला पेपर सुरू झाला. दहा मिनिटांत आजी बदाम घेऊन हजर. थोड्या वेळाने लिंबाचं सरबत. मग वाटीत धिरडं. "अगं, तो परीक्षा देतोय!"

"केव्हाचा लिहून राहिलाय पोरगा, काही खाईल की नाही?"

"परीक्षेच्या हॉलमध्ये तू येणार आहेस का?"

"नाही ना येणार. म्हणून तर आत्ता येतेय."

बोर्डाच्या पेपरात हल्ली विधान आणि कारण असा एक प्रकार असतो. दोन वाक्यं देतात आणि विचारतात, दोन्ही खरी आहेत का, आणि दुसरं हे पहिल्याचं खरंच कारण आहे का. मुलांना तो अवघड जातो. मला अजिबात गेला नाही. विधान: आज आमटी खारट झाली. कारण: तुम्ही केव्हाचे पेपर वाचत बसला आहात. दोन्ही खरी, पण दुसरं पहिल्याचं कारण नाही, पर्याय ब. आमच्या संसारात हा प्रश्न रोज येतो, आणि पर्याय ब मी आजवर कधीही मोठ्याने म्हटलेला नाही.

दीड वाजता मी उत्तरपत्रिका ओढून घेतली. पहिलं पान देखणं. शेवटच्या पानांवरची अक्षरं रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊन परतणाऱ्या पाहुण्यांसारखी एकमेकांवर रेलत चालली होती. २९ व्या प्रश्नाचं उत्तर २७ या आकड्याखाली. दांडी यात्रेवर तीन पानं, कारण ती आवडते. आणि त्यापायी नकाशाला उरली चार मिनिटं.

नकाशाचे पाच गुण हे वाटेत पडलेले पैसे असतात, असं मी त्याला बजावलं होतं. यादी ठरलेली, जागा ठरलेल्या. भूगोलाच्या यादीत सुती कापडाची पाच गावं आहेत: मुंबई, सुरत, कानपूर, कोइमतूर आणि इंदूर. होय, आपलं इंदूर. गिरण्यांचे भोंगे केव्हाच बंद झाले, पण पुस्तकात इंदूर अजून कापड विणतंय. आणि अथर्वने इंदूर दाखवलं होतं छिंदवाड्याच्या आसपास.

"अरे, तुझ्या खापरपणजोबांनी मालवा मिलमध्ये जन्म काढला! रोज छिंदवाड्याला जात होते का ते?"

"नकाशात नावं कुठे असतात, आबा? नुसत्या रेघा तर असतात."

मुद्दा बरोबर होता. मी कोरा नकाशा पुढ्यात घेतला. हे कर्कवृत्त, ते जातं उज्जैनजवळून. आपण त्याच्या खाली. ही नर्मदा, आपण तिच्या वर. या दोघांच्या मधल्या पट्ट्यात, जळगावातून सरळ वर रेघ ओढलीस की इंदूर. "आपल्या नळाला पाणी कुठलं येतं? नर्मदेचं. कुठून येतं? जलूदहून, म्हणजे खालच्या नर्मदाकाठून. मग नदी आपल्या दक्षिणेला आहे हे विसरशील कसं?"

"अगं बाई, पाणी!" आजी आतून ओरडली. "आज पाण्याचा दिवस ना!" सून मोटर लावायला धावली, मुलगा गच्चीवर टाकी बघायला गेला, मी बादल्या सरकवल्या. सगळं भरून परत येऊन बघतो तर अथर्वने इंदूर अचूक जागी ठेवलं होतं आणि शेजारी नळ काढला होता.

पुढचे रविवार तसेच गेले. समासात प्रश्नाचा क्रमांक, प्रत्येक मुद्द्याला नवी ओळ, येणारं आधी, अडलेलं नंतर. पाच गुणांना पाच मुद्दे दिसले पाहिजेत. मनात असून उपयोग नाही. सोफ्यावर बसून उत्तर सांगायला मी बंदी घातली. त्याचा त्रास अथर्वपेक्षा आजीला जास्त झाला, तिचा इतिहास अर्धवट राहिला.

बोर्डाच्या आदल्या दिवशी ती खजराना गणपतीला जाऊन नवसाचं उलटं स्वस्तिक काढून आली. "आजी, उत्तरंही उलटी झाली म्हणजे?" अथर्वने विचारलं. "गप्प बस," म्हणून तिने प्रसादाचं जास्वंदीचं फूल त्याच्या पाऊचमध्ये ठेवलं. पाऊच नियमाप्रमाणे पारदर्शक. बाटलीही पारदर्शक. त्यामुळे निळी पेनं, पट्टी, प्रवेशपत्र आणि लालभडक फूल, सगळं लांबूनच दिसत होतं. सकाळी त्याला पोहे-जिलेबी हवी होती, सुनेला पोटाची धास्ती, शेवटी पोहे विनाजिलेबी, विनाशेव. त्यावर दही-साखर. दहाच्या आत केंद्रात शिरायचं असतं, म्हणून आम्ही साडेआठलाच निघालो आणि फाटकाबाहेर इतर आजोबांबरोबर उभे राहिलो. सगळ्यांच्या नातवांना सगळं येत होतं.

दीड वाजून गेल्यावर तो बाहेर आला.

"नकाशा?"

"दहा मिनिटं ठेवली होती. सगळं लिहिलं, आबा. वेळ उरला."

घरी आल्याबरोबर आजीने पाऊच उघडला. "फूल कुठाय?"

"सरांनी आत जातानाच काढून ठेवलं. पेपर झाल्यावर परत मागितलं तर म्हणाले, राहू दे बेटा, माझ्या मुलीचीही दहावीच आहे, दुसऱ्या केंद्रावर."

आजीने क्षणभर विचार केला. "बरं. पुढच्या पेपरला दोन देते."