उसण आणि उसनवारी

कंबरेत उसण भरायला माणसाने निदान काहीतरी भारदस्त उचललेलं असावं. पोतं, कपाट, गेला बाजार मातीने भरलेली कुंडी. मी एक वाळकं पान उचलत होतो. दाताळ्याच्या दातांत अडकलेलं, एवढंसं. कुठेतरी कट्‌ झालं आणि मी काटकोनात थांबलो तो थांबलोच.

शेजारचे काका कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून उभेच होते.

"काही हरवलं का?"

"नाही काका. उसण भरली."

"अरेरे. हलू नका."

जणू मी दोरीवरच्या उड्या मारायच्या बेतात होतो! फाटक चार पावलांवर, पण काका काही आत आले नाहीत. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. "वाकायचं ते गुडघ्यांत, कंबरेत नाही. ओझं अंगाशी धरायचं. आणि उचलताना कंबर पिळायची नाही, पाय वळवायचे."

"काका, पान होतं."

"पान असो नाहीतर पहार, पद्धत ती पद्धत. कामाआधी अंग मोकळं केलं होतं? दर थोड्या वेळाने हात बदलत होता?"

माझ्या नजरेच्या टप्प्यात तेव्हा दोनच गोष्टी होत्या : माझे बूट आणि एक मुंगळा. स्वतःपेक्षा लांब काडी तो उलटा चालत ओढत होता. अडला की सोडायचा, दुसऱ्या टोकाला जाऊन धरायचा. त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

काका एव्हाना शिडीवर पोचले होते. "शिडी चार फूट वर टेकली, तर पाय भिंतीपासून एक फूट लांब हवा. चढताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय, तीन ठिकाणी आधार पाहिजेच."

"शिडी नव्हतीच इथे."

"नव्हती म्हणून वाचलात. बरं, ते दाताळं गंजलंय. गंजाने धनुर्वात होतो."

इथे मात्र मला राहवेना. काटकोनात उभ्या माणसालाही स्वाभिमान असतो. "गंजाने नाही होत काका. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, शेणखतात असतात. जखमेतून आत शिरतात. स्वच्छ काटा रुतला तरी होऊ शकतो."

"मग इंजेक्शन?"

"घेतलंय. दहा वर्षं व्हायची आहेत अजून."

"कागद आहे?"

आता कागद मी खिशात घेऊन पाला गोळा करायचा का?

मला राग सल्ल्यांचा नाही. हातमोजे घाला, पायात बंद बूट घाला, गवत कापायचं यंत्र चालवताना खडे उडतात म्हणून चष्मा लावा, मध्ये मध्ये पाणी प्या. सगळं खरंच आहे. पण या सगळ्यात 'आणा इकडे, अर्धं मी करतो' हे वाक्य का नसतं कधी? आणि दाताळ्याचे दांडे नेमके कोणाच्या उंचीचे बनवतात? ताठ उभं राहून झाडता येईल असा दांडा मला आजवर मिळालेला नाही. वाकू नका म्हणायचं आणि वाकल्याशिवाय जमिनीला टेकणार नाही असं हत्यार हातात द्यायचं! पाला तर रात्रीत पुन्हा पडतो. त्याला कोणी पद्धत शिकवत नाही.

डॉक्टर म्हणाले, "पडून राहू नका, सोसवेल तेवढं हिंडत-फिरत राहा." घरच्यांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. त्यांच्या मते अंगण हेही हिंडण्या-फिरण्यातच मोडतं.

संध्याकाळी काका आले, या वेळी फाटकातून. मला वाटलं, चौकशीला.

"तुम्हाला आता काही दिवस दाताळं लागणार नाही ना?"

नेलं. अजून परत नाही. काल बघितलं, तर दांड्याला त्यांनी जाड कापडाची पट्टी गुंडाळलेली. मी बघतोय हे पाहून भिंतीपलीकडूनच म्हणाले, "हाताला फोड येत नाहीत याने. तुम्हीच बांधायला हवी होती खरं तर."