शेपूट जिन्यात आहे

शुक्रवारी संध्याकाळी पाचला आमच्या सेफ (Ceph) क्लस्टरने, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कांच्या गोतावळ्याने, कुरकुर सुरू केली. एक डिस्क 85 टक्के भरली की तो ‘निअरफुल’ म्हणून ओरडतो आणि 95 टक्क्यांना लिहून घेणंच बंद करतो. मधल्या दहा टक्क्यांत माझा शनिवार-रविवार अडकला होता.

मी तडक टेस्टिंगच्या जुन्या बकेट्स, म्हणजे फाइली ठेवायचे कप्पे, उडवल्या. दहा टीबी. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, म्हणजे तीस टीबी मोकळे. सरांना ‘झालं’ असा मेसेज टाकला आणि बॅग भरली. भरलेल्या जागेचा ग्राफ मात्र ढिम्म.

फोन आलाच. “अरे, डिलीट केलंस ना?”

“हो सर.”

“मग गेलं कुठं?”

गेलं नव्हतंच. सेफच्या गेटवेत, म्हणजे फाइली आत-बाहेर जायच्या दारात, मोठ्या फाइलला डोकं आणि शेपूट असतं. डिलीट केलं की डोकं लगेच उडतं. शेपूट, म्हणजे खरा ऐवज, गार्बेज कलेक्शनच्या, म्हणजे नंतर उचलायच्या कचऱ्याच्या, यादीत जाऊन बसतं. पाल निदान शेपूट टाकून स्वतः पळते. इथे पाल मेलेली आणि शेपूट डिस्कवर वळवळतंय. कुणी ती फाइल अजून डाउनलोड करत असेल तर त्याच्यापुढचं ताट ओढायला नको, म्हणून दोन तासांची मुदत. आमच्या सोसायटीतही असंच. कचरा दाराबाहेर ठेवला की आपल्यापुरता विषय संपतो. घंटागाडी येईपर्यंत तो जिन्यात.

ती यादी बघितली, तर रिकामी! पाऊण तास स्वतःच्या अकलेवर संशय घेतल्यावर कळलं, साध्या कमांडला फक्त मुदत संपलेलाच कचरा दिसतो. ‘इन्क्लूड ऑल’ जोडल्यावर मग ओळी अशा धो धो कोसळायला लागल्या की चहा पिऊन आलो तरी थांबल्या नव्हत्या. (सेफच्या आवृत्त्यांना नॉटिलस, ऑक्टोपस, स्क्विड अशी नावं असतात. कमीत कमी आठ-आठ हात, पण कचरा उचलायला एकही पुढे येत नाही.) मुदत न बघता सगळं उचल, अशी आज्ञा दिली. ग्राफ हलला, पण थोडासाच.

रात्री दहाला दुसऱ्या बकेटेत खरा चोर सापडला: अर्धवट मल्टिपार्ट अपलोड, म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी चढवायला घेतलेल्या पण पुऱ्या न झालेल्या फाइली. बॅकअपची एक स्क्रिप्ट दर वेळी मध्येच तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. आधीचे तुकडे तसेच पडून. फाइलींच्या नेहमीच्या यादीत ते दिसत नाहीत, जागा मात्र खातात. स्क्रिप्ट लिहिणारा कंपनी सोडून गेला होता. त्याच्या निरोपाचा केक आम्ही खाल्ला, पण तुकडे कुणी मोजले नाहीत.

सगळे अपलोड रद्द केले. पुढे असं साचू नये म्हणून सात दिवसांनी आपोआप रद्द करणारा लाइफसायकलचा नियमही लावला. पुन्हा ‘झालं’ म्हणणार, तेवढ्यात लक्षात आलं: रद्द केलेले तुकडेसुद्धा त्याच यादीत जातात.

फोन वाजला. “काय रे, गेलं का?”

“निघालंय सर. जिन्यात आहे.”