मालवणच्या काकांना उत्तर: टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरचे दिवस

काका, नमस्कार.

"दहा मिनिटांचं काम, आइस्क्रीम खाऊन पोरं चौथ्या दिवशी शाळेत जायची. तुम्ही आईबापांना उगाच घाबरवता आणि वर कॉब्लेशनची भलामण करता," असं तुम्ही टॉन्सिलवरच्या माझ्या आधीच्या लेखावर लिहिलंत.

कॉब्लेशनबद्दलचं, म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कमी उष्णतेत टॉन्सिल काढणाऱ्या मशीनबद्दलचं, तुमचं म्हणणं मला पटलं. लेखातली ती ओळ एकतर्फी झाली होती, आज दुरुस्त केली. कॉटरीपेक्षा (विजेच्या उष्णतेने जाळून कापण्याच्या पद्धतीपेक्षा) त्यात उष्णता बरीच कमी, साधारण ६०-७० अंश, म्हणून आजूबाजूचा भाग कमी भाजतो. पण इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली तेहतीस हजारांहून जास्त ऑपरेशनांची नोंद झाली, तेव्हा उष्णता वापरणाऱ्या पद्धतींत (कॉब्लेशनही त्यातच) नंतरचा रक्तस्राव जुन्या चाकू-कात्रीच्या पद्धतीपेक्षा जास्त आढळला. तेव्हा तुमच्या जवळच्या डॉक्टरांचा हात जुन्या पद्धतीवर बसलेला असेल, तर केवळ मशीनसाठी घाट चढून कोल्हापूर गाठायची गरज नाही.

घाबरवण्याचं मात्र मान्य नाही.

माझ्या मुलाचं ऑपरेशन चिपळूणला झालं. दुसऱ्याच दिवशी आम्ही गुहागरला घरी. हातात दिलेल्या कागदावर 'थंड व मऊ आहार' एवढंच होतं. सातव्या रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली ती त्याच्या आवंढ्यांनी. झोपेतच तो एकामागून एक आवंढे गिळत होता. टॉर्च लावला तर उशीवर लाल डाग, ओठाच्या कडेला रक्त. तोंडात येणारं रक्त तो गिळत होता! त्याला बसवलं, पुढे वाकवून थुंकायला लावलं आणि पावसात चिपळूणची वाट धरली. ते चव्वेचाळीस-पंचेचाळीस किलोमीटर मी विसरणार नाही. पुन्हा भूल देऊन रक्त थांबवावं लागलं.

पाचव्या ते दहाव्या दिवसात जखमेवरची खपली सुटते, तेव्हा हे होऊ शकतं. बहुतेक मुलांना होत नाही. पण हे दिवस असे असतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी दवाखान्याजवळच राहिले असते. घशातला पांढरा थर म्हणजे पू नव्हे, कान दुखतो तो घशामुळेच, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं उलट वाढतं, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. दुखतं म्हणून मूल पाणी पीत नाही, आणि घसा कोरडा पडला की आणखी दुखतं. आम्ही पॅरासिटामॉल वेळेवर दिलं, अर्ध्या तासाने पेज, मधूनमधून शहाळ्याचं पाणी. सोलकढी झोंबली. शेजारून आलेलं कोडीनचं कफ सिरप मी परत केलं, ते बरंच झालं; कोडीनने लहान मुलांचा श्वास मंदावू शकतो, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली स्पष्ट केलं आहे.

तुमच्या नातवाचं ऑपरेशन गणपतीनंतर कुडाळला ठरलंय, असं तुम्हीच लिहिलंत. तुमची मुलगी तिथेच राहते ना? मग दहा-बारा दिवस त्याला तिच्याकडेच ठेवा. रात्री त्याच्या शेजारी कुणीतरी झोपा, आणि डॉक्टरांचा रात्रीचा फोन नंबर डिस्चार्जच्या आधी लिहून घ्या.